इस्टोररूमची बाई

नागम्माला इंग्रजी येत नव्हतं. पण इंग्रजीतला एक शब्द तिला देवाच्या नावासारखा पाठ होता, आणि तो तिला नवऱ्यानं दिला होता.

लग्न होऊन ती देगलूरकडच्या खेड्यातून नांदेडला आली, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. माहेरी कानडी बोलायचे. शेजारीपाजारी तेलुगू, आणि मराठी म्हणजे बाजारापुरती. वीरण्णा नांदेडात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता, भांडार सांभाळायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला समोर बसवलं आणि सांगितलं, "हे मोठं गाव आहे. माझा डबा घेऊन निघालीस आणि वाट चुकलीस तर रडत बसायचं नाही. कुणालाही विचारायचं, इस्टोररूम कुठंय? म्हण बघू."

"इस्टोररूम."

"आणखी एकदा."

"इस्टोररूम."

"बस. आता तुला नांदेडात कुणी हरवू शकत नाही."

वीरण्णा निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेला. त्या शाळांतून निघालेल्या माणसांच्या जिभेला एक वळण पडलेलं असे. स्कूल, स्टेशन, स्टूल असले शब्द त्यांना एकदम उचलता येत नसत. आधी एक 'इ' लावायचा आणि मग शब्दावर चढायचं. इस्कूल, इस्टेशन, इस्टूल. नांदेडात हे कुणाच्या कानाला खुपत नसे, कारण कोर्टातल्या वकिलापासून टांगेवाल्यापर्यंत अर्धं गाव तसंच बोले. नागम्मानं तर त्याआधी इंग्रजी ऐकलंच नव्हतं. तिच्यासाठी तो शब्द तसाच होता, जसा तिच्या माणसाच्या तोंडून आला.

त्यात तिच्या घरची एक शिकवणही होती. ती लिंगायत घरातली. गळ्यात इष्टलिंग, सकाळी अंघोळ, कपाळाला भस्म, तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि त्यानंतरच पाण्याचा घोट. लहानपणी दीक्षेच्या दिवशी स्वामींनी कानात मंत्र सांगितला, तेव्हा आज्जीनं घरी येऊन तिला बजावलं होतं, "मंत्र पोथीतून घ्यायचा नसतो गं, मुखातून घ्यायचा असतो. आणि ज्या मुखातून जसा आला तसा ठेवायचा. त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही." नागम्मानं ते आयुष्यभर पाळलं. मंत्रापुरतं पाळायचं होतं खरं, पण भाबड्या माणसाचा नेम कुंपणाच्या आत राहत नाही. तो हळूहळू सगळ्या शेतात पसरतो.

वीरण्णा गेला तो ऐन नोकरीत. सकाळी पूजा करून उठला, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकला, तो तसाच. मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर गावाकडचा दीर रेवणसिद्ध म्हणाला, "वैनी, चला घरी. दादाचं खाल्लंय, खाल्ल्या घरचे वासे मोजणारे न्हाई आम्ही. एक भाकर जास्त थापायची." तो मनानं वाईट नव्हता. पण त्याची बायको दाराआड उभी होती आणि तिनं काही 'चला' म्हटलं नाही. ज्या घरात जाऊबाई गप्प असते त्या घरात विधवेनं कसं राहायचं, हे नागम्मानं पुष्कळ घरांत पाहिलं होतं. म्हणून वीरण्णाच्या ऑफिसातल्या साहेबांनी त्याच्या जागी नोकरीचा विषय काढला, तेव्हा तिनं खाली मान घालून हो म्हटलं.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून तुटून वेगळा झाला, नव्या पाट्या लागल्या, नवी ऑफिसं उघडली, आणि जिथं तिथं माणसं कमी. नागम्माची ऑर्डर लातूरची निघाली. तात्पुरती. नांदेडचं बिऱ्हाड मोडून ती एका ट्रंकेनिशी लातूरला आली. ज्या गावात वीरण्णाला कुणी पाहिलं नव्हतं, ज्या गावात त्याचं नाव घेऊन तिला कुणी हाक मारणार नव्हतं, अशा गावात ती पहिल्यांदाच राहत होती.

भांडार म्हणजे ऑफिसच्या मागची पत्र्याची लांब खोली. हातपंपाचं सामान तिथं असे: पाइप, लोखंडी दांडे, साखळ्या, कातडी वायसर म्हणजे वॉशर. दोन वर्षं पाऊस हुलकावणी देत होता. विहिरी कोरड्या पडल्या, आणि गावोगावचे हातपंप दिवसरात्र हापसून हापसून मोडायला लागले. पंप मोडला की गावातून फोन यायचा. फोन भांडाराच्या दाराशी टेबलावर होता, आणि तो उचलणं हे नागम्माचं काम.

ती फोन उचलायची आणि हळू आवाजात म्हणायची, "इस्टोररूम."

एवढ्यावरून ऑफिसात करमणूक सुरू झाली. हेडक्लार्क हणमंतराव जिभेचे तिखट, पण पोटात काही नसलेले. सकाळी आल्या आल्या ओरडायचे, "इस्टोररूमवाल्या बाई, इस्टूल कुठं ठेवलं हो?" मग दुसरा कारकून, "इस्टुलावर इस्टोव्ह हाय बघा." सगळे हसायचे. नागम्माही पदर तोंडाला लावून थोडं हसायची. तिला त्याचं दुःख नव्हतं. उलट दिवसभरात तिच्याशी कुणी आपण होऊन बोलायचं ते एवढंच.

कारण तिचे नेम. दुपारी सगळे डबे घेऊन एकत्र बसायचे. वीरण्णा गेल्यापासून तिनं मौनानं जेवायचं व्रत घेतलं होतं. ती पाइपांच्या मागं, भिंतीकडं तोंड करून बसायची, इष्टलिंगाला हात लावून पहिला घास घ्यायची आणि शेवटचा घास होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. सोमवारी तर डबाच नसायचा. लोकांनी आपापला अर्थ काढला. कुणी म्हटलं बाई घमेंडी, कुणी म्हटलं सोवळी. तिनं कुणाला काही समजावलं नाही. व्रताची जाहिरात करायची नसते, असं तिला वाटायचं.

तिच्याशी खऱ्या अर्थानं बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. शिरूर अनंतपाळच्या ग्रामपंचायतीचा म्हातारा शिपाई, निवृत्ती. गावातले पंप त्याच्या जिवावर चालायचे. आठ-पंधरा दिवसांतून त्याचा फोन यायचा. लाइन खरखरायची, मध्येच तिसऱ्याच कुणाचं बोलणं घुसायचं, आणि त्यातून त्याचा आवाज यायचा.

"हल्लो, इस्टोररूम?"

"हां, इस्टोररूम."

"अक्का, तुमीच का? बरं झालं. दुसरं कुणी उचललं की मला बोलताच येत न्हाई बगा. वेशीतला पंप पुन्यांदा बसला. बाया घागरी घिऊन माज्या दारात बसल्यात, जशी काई मीच घरात हीर लपवून ठिवलीय."

नागम्मा हसायची. "वायसर गेलं असंल, मामा."

"वायसरच. दोन धाडा. आन जेवलात का?"

"आज सोमवार."

"हाव की, इसरलो. माजी म्हातारी बी सोमवार धरायची. तिला जाऊन धा वर्सं झाली, पर सोमवारी मला अजून भाकर गोड लागत न्हाई."

एवढंच बोलणं. पण तो 'इस्टोररूम' म्हणायचा, तिच्या नवऱ्यासारखं, तोच 'इ' हलका लावून. तोही उर्दू शाळेत दुसरी-तिसरीपर्यंत गेलेला. फोन ठेवल्यावर नागम्मा घटकाभर तशीच बसून राही. पत्र्याच्या त्या खोलीत कुणी ओळखीचं येऊन गेल्यासारखं तिला वाटे.

फाल्गुनात नवे साहेब आले, राजाध्यक्ष. पुण्याकडचे. माणूस शिस्तीचा, पण तोंडानं गोड. दुष्काळ वाढला तसे कलेक्टर ऑफिसातून, मुंबईहून फोन यायला लागले. एक दिवस साहेब भांडारात उभे असतानाच फोन वाजला. नागम्मानं उचलला, "इस्टोररूम." पलीकडच्यांनी दोनदा "कोण?" विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा हळू. शेवटी साहेबांनी रिसीव्हर हातात घेतला.

बोलणं झाल्यावर ते म्हणाले, "बाई, रागावू नका. हा शब्द असा नाही. स्टोअररूम. पहिल्यांदा फोन उचलणारा माणूस म्हणजे ऑफिसचं तोंड असतं. शब्द स्वच्छ हवा आणि आवाज मोठा हवा. 'स्टोअररूम, लातूर. बोला.' जमेल?"

नागम्मानं मान हलवली.

"तुम्हाला कायम करण्याचा कागद उन्हाळा संपायच्या आत वर जाईल. फोन सांभाळता येतो असं मला त्यावर लिहायचंय. खोटं मी लिहीत नाही. जमलं नाही, तर पुढं मला तुमच्यासाठी काही करता येणार नाही."

साहेब गेले. हणमंतरावांनी या वेळी थट्टा केली नाही. ते नुसते म्हणाले, "बाई, शिकून घ्या. एका शब्दापायी भाकर घालवू नका."

नागम्माला ते कळत होतं. नोकरी गेली तर दिराचं घर, आणि दाराआड उभी असलेली जाऊ. दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेला बसल्यावर तिनं तोंडातल्या तोंडात प्रयत्न केला. पण जीभ शब्दापाशी आली की 'इ' आपोआप पुढं यायचा, दारात उभ्या असलेल्या माणसासारखा. त्याला बाजूला सारायचं म्हणजे वीरण्णाला बाजूला सारणं. आणि मनात ते दुसरंही येई: त्याला खोटं पाडणं. पंचवीस वर्षं जो माणूस हा शब्द बोलला, ज्यानं तिला बोटाला धरून एवढ्या मोठ्या गावात उभं केलं, त्याला मेल्यावर सांगायचं की तुमचं चुकलं? ती हातातल्या लिंगाकडं बघत बसली. शहरात नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. पूजेला पळीभर पाणी राखून ठेवलेलं होतं. तेही त्या दिवशी घालायचं राहून गेलं, इतकं तिचं चित्त ढळलं.

ऑफिसात टायपिस्ट होती सिंधु सोनकांबळे. भोकरची. पंचवीस-सव्वीस वर्षांची, काळीसावळी, तरतरीत, कुणाचं ऐकून न घेणारी. इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास होऊन लागलेली. साहेबसुद्धा एखादा शब्द अडला की तिला विचारत. नागम्मा तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

"काय हवं, अम्मा?" सिंधुनं यंत्रावरून मान न उचलता विचारलं.

"तो शब्द सांगतेस का मला? साहेब म्हणतात तसा."

सिंधुचे हात थांबले. तिनं नागम्माकडं पाहिलं, कपाळावरच्या भस्माकडं पाहिलं, आणि म्हणाली, "सांगीन की. पण आधी एक विचारते. दोन वर्षं झाली, माझ्या डब्यातलं तुम्ही बोटभर लोणचं घेतलं न्हाई. डबा उघडला की भिंतीकडं तोंड करून बसता. मग माझ्या तोंडातला शब्द चालंल का तुमच्या नेमाला?"

नागम्माचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं की आपलं गप्प बसणं आपल्यापुरतं आहे. ते कुणाला लागत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी कुणाच्याच डब्यातलं घेत नाही गं," ती म्हणाली. "मौनानं जेवते. हे गेल्यापासून. हे असताना जेवताना फार बोलायचे, म्हणून."

सिंधु म्हणाली, "हे जेवायच्या आधी एकदा सांगायचं होतं ना, अम्मा. मी काय काय समजून राहिले होते."

"चुकलं माझं. शब्द दे. तुझ्या मुखातून घेते."

आणि ती सिंधुसमोर स्टुलावर बसली, मांडी जुळवून, हात ओंजळीसारखे एकात एक ठेवून. सिंधुला हसू आलं आणि संकोचही वाटला. "अवं, असं नका बसू, मी काय स्वामी हाय का?" पण नागम्मा तशीच बसली होती.

मग पंधरा-वीस दिवस दुपारी जेवणं झाल्यावर त्यांचं शिकणं चाललं. सिंधुनं तिला सांगितलं की आधी नुसता 'स' सोडायचा, स्टोव्हची हवा सोडल्यावर होतो तसा आवाज. स्स्स्. मग 'टोअर'. नागम्मा 'स्स्स्' छान करायची, पण 'ट'कडं वळताना मध्येच तो 'इ' टपकायचा.

"पुन्हा आला बघा पाव्हणा," सिंधु म्हणायची. "अम्मा, घरात शिरताना तुम्ही उंबऱ्यावर पाय देता का?"

"छे. उंबऱ्यावर पाय देऊ नये."

"मग हा 'इ' म्हणजे उंबरा समजा. ओलांडायचा. आणि हे दोन शब्द हायेत, स्टोअर आणि रूम, पण म्हणायचे एका दमात. जोर पहिल्यावर. रूम नुसती मागून यायची, सासूमागं सून चालल्यासारखी."

"आमच्याकडं सून पुढं चालायची. सासूबाईंना दिसत नव्हतं."

दोघी हसल्या. हणमंतराव दारातून डोकावून म्हणाले, "काय शाळा चाललीय?" तर सिंधु म्हणाली, "तुमचीबी घेऊ का? परवा 'डिश्ट्रिक्ट' म्हणत होता." ते आल्या पावली परत गेले.

एकदा नागम्मानं विचारलं, "सिंधु, आमचे हे चुकीचं बोलत होते का गं?"

सिंधु म्हणाली, "मी टायपिंगच्या क्लासला गेले, तेव्हा सर मला सगळ्यांसमोर वाचायला लावायचे आणि पोरं बाकं वाजवायची. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, मला तर वाचताच येत न्हाई, तू चुकून तरी वाचतीस. मग मी शिकले. आता मला कुणी हसत न्हाई. पण अम्मा, भोकरला घरी गेले की आई म्हणते, तू आता साहेबावानी बोलून राहिलीस. चुलीपाशी बसून बोललं तर तिला परकं वाटतं." तिनं यंत्रातला कागद सरळ केला. "चुकीचं-बरोबरचं मला न्हाई सांगता येत. हितं काय चालतं तेवढं सांगते."

चैत्र सरता सरता शब्द जमला. नागम्मानं तो एकटीच असताना म्हटला, पाइपांच्या मागं: "स्टोअररूम." एकदम आला, सरळ, मध्ये कुठं न अडखळता. तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं चटकन आजूबाजूला पाहिलं, जशी काही चोरी केलीय.

नंतरच्या आठवड्यात कलेक्टर ऑफिसचा फोन आला. साहेब समोरच होते. नागम्मा उठून उभी राहिली, रिसीव्हर कानाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "स्टोअररूम, लातूर. बोला." साहेबांनी मान हलवली आणि ते पुढं गेले. हणमंतराव म्हणाले, "कुणाचा होता?" तिनं सांगितलं. बास. कुणी टाळी दिली नाही, कुणी वर पाहिलं नाही. चांगलं काम असंच असतं. लोकांना ते दिसत नाही.

कागद वर गेला. वैशाखात ऑर्डर आली. नागम्मा कायम झाली. तिनं ऑफिसात साखर वाटली, आणि सिंधुच्या हातावर जरा जास्त ठेवली. सिंधुच्या डब्यातलं लोणचंही तिनं त्या दिवशी मागून घेतलं. मौन न मोडता, नुसता हात पुढं करून. पण त्याच महिन्यात सिंधुची नांदेडला बदली झाली. तिनंच मागून घेतली होती, घरच्या जवळ. निघताना तिनं नागम्माचे पाय धरले, नागम्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रिक्षा वळून गेली.

त्यानंतर ऑफिस फार शांत झालं. हणमंतराव सकाळी यायचे, सही करायचे, कामाला लागायचे. 'इस्टूल' कुणी मागेना. आता थट्टा करण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं, आणि थट्टा गेली तशी दोन घटकांचं बोलणंही गेलं. दिवस दिवस नागम्माच्या तोंडून तेवढाच एक शब्द निघायचा, फोनवर, मोठ्यानं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोही नाही. तिचं मौनाचं व्रत जेवणापुरतं होतं. ते आता न घेताच दिवसभराचं झालं होतं.

ती शिरूरच्या फोनची वाट पाहायची. निवृत्तीचा फोन बरेच दिवस आला नव्हता. वादळानं तिकडची लाइन तुटली, असं एक्स्चेंजवाले सांगत. शेवटचा फोन आला होता, तेव्हा तिनं दुरुस्तीच्या जीपवाल्याला गळ घालून त्याच्याबरोबर मागितली त्यापेक्षा जास्तीची वायसरं पाठवली होती. ती पोचली की नाही, वेशीतला पंप चालू झाला की नाही, काही कळलं नव्हतं.

ज्येष्ठात एका दुपारी फोन वाजला. तिनं उचलला.

"स्टोअररूम, लातूर. बोला."

पलीकडं खरखर. मग कुणी खाकरलं.

"बोला," नागम्मा पुन्हा म्हणाली.

"हल्लो, लातूर का? इस्टोररूम न्हाई का हे?"

निवृत्तीमामा. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"हां, स्टोअररूमच. मामा, बोला."

"तुमी नव्या दिसता, म्याडम. ती पैली बाई कुठं गेली?"

"मीच की, मामा. मीच आहे."

"न्हाई न्हाई, ती जुनी बाई. लई हळू बोलायची. मी अक्का म्हनायचो तिला. तिची बदली झाली का?"

"मामा, मी तीच. तुम्ही ओळखलं नाही?" ती म्हणाली, आणि आपला आवाज आपल्याच कानावर पडला तेव्हा तिला समजलं की तो मोठा आहे, शिकवलेला आहे, साहेबांच्या समोरचा आहे. तिनं तो खाली आणायचा प्रयत्न केला. "तुमची म्हातारी सोमवार धरायची..."

लाइन खरखरली. "काय? काय म्हनता? ऐकू येईना, मोठ्यानं बोला!"

मोठ्यानं बोललं की ती परकी होत होती, आणि हळू बोललं की पोचत नव्हती. मग तिला एकच उपाय सुचला. ज्या शब्दावरून त्यानं तिला ओळखलं होतं तोच म्हणायचा. तिनं डोळे मिटले, वीरण्णाचा चेहरा आणला, नांदेडची ती खोली आणली, आणि म्हणाली, "इस्टोररूम."

पण तो शब्द तसा आला नाही. पंचवीस वर्षं जो 'इ' आपण होऊन यायचा तो आता बोलावल्यावर आला, ओढून-ताणून, जरा लांब, जरा जास्तच. तिनं तो ऐकला होता, पुष्कळदा ऐकला होता. हणमंतराव सकाळी आल्या आल्या तो असाच म्हणायचे.



"थट्टा नगा करू म्याडम," निवृत्ती म्हणाला. रागावला नव्हता, नुसता थकल्यासारखा बोलला. "आमी अडानी मानसं, आमची जीभ तशी. पर त्या बाईची थट्टा नगा करू. लई भली होती."

बाहेर कारकून कागद चाळत होते. पत्रा उन्हानं तडतडत होता.

"हल्लो? हाय का?"

"आहे."

"सामान न्हाई मागत मी आज. एक निरोप हुता तिला. कुठं बदली झाली असंल तिची, हितनं कळवता यील का?"

"येईल," नागम्मा म्हणाली.

"सांगा तिला, वायसरं पोचली. वेशीतल्या पंपाला पानी आलं म्हनावं. पयली घागर भरली, तवा बायांनी तिच्या नावानं हळदकुंकू वाहिलं पंपाला. नाव कुनाला ठाऊक? मीच म्हनलं, इस्टोररूमच्या बाईच्या नावानं वाहा. एवढं सांगा."

"सांगते," ती म्हणाली.

"आन सोमवारचं जपून ऱ्हा म्हनावं. उन्हाळा लई हाय."

"सांगते, मामा."

त्यानं फोन ठेवला. नागम्मानं रिसीव्हर जागेवर ठेवला, पदरानं पुसला, आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही. हणमंतरावांनी तिकडून विचारलं, "कुणाचा होता, बाई?"

"शिरूरचा," ती म्हणाली. "आधीच्या बाईंना निरोप होता."